सहा खिट्यांचं दार

दत्ताराम भाटकरांच्या घराला कडी नव्हती. पूर्वी होती. अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या चाळीत मालकाने सगळ्या दारांना सारख्याच कड्या ठोकून दिल्या होत्या. पण एका रविवारी सकाळी दत्ताभाऊ स्टुलावर चढले आणि त्यांनी बाहेरच्या दाराची, आतल्या खोलीची, अगदी मोरीच्या दाराचीसुद्धा कडी काढून टाकली. बाहेरचं दार उघडंच राहावं म्हणून एक वीट लावून ठेवली, ती बारा महिने तिथेच. चाळीने यथेच्छ चेष्टा केली. "भाटकर, चोरांची सोय केलीत, आता त्यांच्या चहाचंही बघा," असं कुणीतरी म्हणालं. दत्ताभाऊ जेमतेम हसले. "चोर आला तर आईला तेवढीच सोबत," म्हणाले आणि वीट पायाने नीट सरकवून आत गेले.

मी त्यांची शेजारीण. मराठी शाळेत शिक्षिका, त्यामुळे चाळीत सगळ्यांची 'बाई'. आमच्या दोन घरांमधली भिंत कौलांपर्यंत पोचत नव्हती. त्यांच्या फोडणीचा वास आमच्याकडे यायचा आणि आमचा रेडिओ त्यांच्याकडे ऐकू जायचा. ही देवाणघेवाण न मागता चाले. मागून घेण्यादेण्याचं मात्र सुरुवातीला काही नव्हतं. दत्ताभाऊंच्या आई, जानकीमावशी, रत्नागिरीकडच्या. आम्ही बौद्ध. मी तीन वर्षांची असताना आमच्या घराने धम्म स्वीकारला आणि माझ्या वडिलांनी देवांबरोबर सोयरसुतकही घराबाहेर काढलं. मावशींनी पहिली दोन वर्षं मला चहा विचारला नाही, मीही मागितला नाही. नंतर एकदा मी तापाने फणफणले तेव्हा त्या पेज घेऊन आल्या, आणि मग तो विषय दोघींनीही काढला नाही.

दत्ताभाऊ पाणबुडे होते. हे चाळीत कुणाला खरंच वाटत नसे, कारण अंबरनाथला समुद्र सोडा, धड तळंही नाही. माणूसही पोलादी वगैरे नव्हता. मध्यम उंची, पाठीत किंचित वाक, कानाच्या पाळ्या जाड झालेल्या. आधी गोदीत जहाजांचे तळ घासायचं काम, मग पाठीवर हवेची टाकी बांधून खोल जाण्याचं शिक्षण, मग कुठल्या कुठल्या ठेकेदारांकडे बुडालेल्या बोटी उचलण्याचं काम. चार दिवस घरी, वीस दिवस गायब. घरी असले की जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबायचे. एकदा मी मागून येत होते, हातात दोन पिशव्या. म्हटलं, "भाऊ, दम लागतो का?" म्हणाले, "नाही हो. खालून वर एकदम यायचं नसतं. रक्तात बुडबुडे होतात." हे जिन्यालाही लागू आहे का, असं मी विचारलं. त्यांनी गंभीरपणे सांगितलं की सवय मोडली तर पाण्यातही मोडेल.

एकदा मी त्यांना शाळेत बोलावलं. सहावीच्या वर्गासमोर उभं राहून त्यांनी समुद्राविषयी तीन वाक्यं सांगितली आणि त्यांचं बोलणं संपलं. मला घाम फुटला. मग त्यांनी पिशवीतून दोरी काढली, एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं मुलांच्या हातात दिलं आणि वर्गाबाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीआड उभे राहिले. तिथून ओरडून सांगितलं, "एक ओढ म्हणजे मी ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सोड. तीन म्हणजे दोरी आवळ. चार म्हणजे मला वर ओढ. आणि आलेल्या ओढीला तेवढ्याच ओढींनी उत्तर द्यायचं. उत्तर नाही आलं तर समजायचं, खाली काहीतरी बिघडलंय." तास संपेपर्यंत मुलं सोडेनात. शेवटी एका मुलीने विचारलं, "काका, खाली भीती वाटली तर किती वेळा ओढायचं?" दत्ताभाऊ दोरी गुंडाळत होते. म्हणाले, "भीतीची ओढ ठरलेली नाही."

शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना ते आपण होऊन पुढे बोलले. "पाण्यात माणूस सगळ्यात जास्त खोटं बोलतो ते एका ओढीनं, बाई. जीव कासावीस झालेला असतो आणि एकदा ओढतो. ठीक आहे म्हणून."

जानकीमावशींच्या कपाळावर मोठं कुंकू असायचं आणि हातात कोपराच्या दिशेने चढत गेलेल्या हिरव्या बांगड्या. दर श्रावणात कासाराकडून नव्या भरून घ्यायच्या. वटपौर्णिमेला चाळीतल्या सगळ्या बायकांच्या पुढे वडाशी हजर. मी राहायला आले तेव्हा मला वाटलं, यांचे यजमान गावी असतील. ते कुठेच नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ते एका मालवाहू जहाजावर बॉयलरमध्ये कोळसा टाकायच्या कामाला होते. परदेशातून लष्कराचं सामान भरून जहाज मुंबईकडे येत होतं. मुंबई जेमतेम दिवसभराच्या वाटेवर असताना ते बुडालं. टॉर्पेडो लागला की सुरुंग, नक्की कुणालाच सांगता आलं नाही. काही लोक होड्यांतून वाचले. त्यांत मावशींचा नवरा नव्हता. मेलेल्यांच्या यादीतही नव्हता. गावच्या पोस्टमनने सरकारी पत्र वाचून दाखवलं, त्यात एकच शब्द होता: बेपत्ता. दत्ता तेव्हा दीड वर्षाचा होता.

त्या एका शब्दावर मावशींनी चाळीस वर्षं काढली. दुसऱ्या कुठल्या बोटीने उचललं असेल, डोक्याला मार लागून नाव-गाव विसरले असतील, असं काहीबाही. गावच्या लोकांनी बांगड्या उतरवायला सांगितल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "कुणी बघितलान त्यांना मेलेलं?" कुणीच बघितलं नव्हतं. दत्ता अठरा वर्षांचा झाला तेव्हा मावशींनी त्याला गोदीतल्या एका ओळखीच्या माणसाकडे पाठवलं आणि निघताना सांगितलं, "पाण्याखाली जायाचं शीक. नि त्या बोटीत जाऊन बघून ये."

हे मला दत्ताभाऊंनी सांगितलं नाही, मावशींनी सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. एका बाईने आपला एकुलता एक मुलगा, नवरा गिळलेल्या समुद्रात, फक्त बघून यायला पाठवला होता. आणि मुलगा वीस-बावीस वर्षं एका बोटीतून दुसऱ्या बोटीत उतरत तिची वाट काढत होता. गोदीत कुठल्याही बुडालेल्या जहाजाची बातमी आली की आधी नाव विचारायचा. ते नाव मात्र घरात कुणी घेत नसे. 'ती' म्हणायचे, बस.

बारवी धरणाची गोष्ट याच सुमाराची. आमच्या शाळेच्या शिपायाचा मेव्हणा, बारवीच्या वरच्या पाड्यावरचा, जळण घेऊन येताना धरणात बुडाला. दोन दिवस लोक शोधत होते. शिपाई माझ्याकडे रडत आला, मी त्याला दत्ताभाऊंच्या दारात नेऊन उभं केलं आणि मीही बरोबर गेले. काठावर बुडालेल्या माणसाची बायको बसली होती, कडेवर मूल. ती रडत नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्याला एवढंच म्हणायची, "ते पवून गेलं असतील पल्याड. पल्याड बगितलंव का?" दत्ताभाऊ तीन वेळा खाली गेले. तिसऱ्यांदा आले ते त्याला घेऊनच. गढूळ पाण्यात काही दिसत नाही, सगळं हाताने चाचपून करावं लागतं, हे मला नंतर कळलं. त्या बाईने नवऱ्याचं तोंड बघितलं आणि मग तिने जो टाहो फोडला तो मी आजही विसरलेले नाही. बायकांनी तिथेच दगडावर तिच्या बांगड्या फोडल्या. दत्ताभाऊ पाठ करून उभे होते. परत येताना मी म्हटलं, "तुम्ही उगाच आणलंत असं वाटलं मला एक क्षण. ती आशेवर तरी होती."

"असं म्हणू नका बाई," ते म्हणाले. "आणून दिलं की रडता येतं. नाहीतर माणूस काठावरून उठतच नाही."

त्यानंतर साधारण वर्षभराने 'ती' सापडली. एका ठेकेदाराने जुन्या जहाजातलं तांबं-पितळ काढण्याचा परवाना घेतला होता आणि त्याला पाणबुडे हवे होते. किनाऱ्यापासून दूर, पंधरा वाव खोल. दोन्ही हात पसरले की होतो तो एक वाव, असे पंधरा. पहिल्याच खेपेला दत्ताभाऊंनी जहाजाची घंटा वर आणली, वायरच्या ब्रशने घासली आणि एकेक अक्षर वाचलं. त्यांनी पोस्टकार्ड टाकलं: 'आई, तीच आहे. बघून येतो.' ते मीच मावशींना वाचून दाखवलं. मावशींनी ते माझ्या हातातून घेतलं, देवापुढे ठेवलं आणि दळण टाकायला निघून गेल्या.

दोन महिने गेले. ते परत आले तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण शाळेला सुट्टी होती आणि मी चाळीच्या नळावर कपडे धूत होते. अकराच्या सुमारास दत्ताभाऊ फाटकातून आत आले. बॅग भिंतीशी ठेवली. मला म्हणाले, "बाई, जरा बाजूला व्हा," आणि अंगावरच्या शर्ट-पँटीसकट नळाखाली बसले. डोक्यावरून पाच-सहा बादल्या ओतून घेतल्या. मी म्हटलं, "अहो, घरात मोरी आहे ना!" ते तसेच निथळत जिना चढून घराकडे गेले, मी त्यांची बॅग घेऊन मागोमाग. मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

"रिकामी आहे, आये. होड्या जागेवर नाहीत. माणसं उतरली सगळी."

मावशी दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. कपडे बदल."

त्यानंतरच्या दिवसांत मला एक गोष्ट खटकली. भिंतीपलीकडून फोडणीचा वास येईना. मासळीचा तर नाहीच, आणि ते तर मासळीशिवाय न जेवणारे लोक. मी विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "त्याचा पोट बिगडलाय." दहा-बारा दिवसांनी एका सकाळी पुन्हा लसणीची फोडणी कडकडली आणि मीही ते विसरून गेले. पुढच्या रविवारी दत्ताभाऊंनी कड्या काढल्या.

त्या जहाजातून त्यांनी स्वतःसाठी एकच वस्तू आणली होती: पांढरा एनॅमलचा मग, निळ्या काठाचा, एका बाजूला टवका उडालेला. असल्या मगांची खोकीच्या खोकी तिथे खाली पडली होती. त्यानंतर ते कुठेही गेले तरी चहा त्याच मगात. मला जरा विचित्र वाटायचं. बुडालेल्या जहाजातल्या भांड्यात कसला चहा प्यायचा?

वर्षभराने मी शाळेच्या बक्षीस समारंभासाठी स्टीलच्या ताटल्या आणायला उल्हासनगरला गेले, ओझं उचलायला दत्ताभाऊ बरोबर आले. कॅम्पातल्या बराकींच्या रांगेत लालचंद शेठचं भांड्यांचं दुकान होतं. फाळणीनंतर सिंधहून आलेला साठीचा माणूस, मराठी स्वतःच्या मर्जीने बोलायचा. भाव ठरल्यावर त्याने चहा मागवला. दत्ताभाऊंनी पिशवीतून आपला मग काढला. लालचंद शेठने चष्मा कपाळावर चढवला.

"साईं, ये मग किधर से लाया?"

"आहे जुना."

शेठ उठून आत गेला. दुकानामागेच त्याचं घर, युद्धातली लष्करी बराक, मधे पडदे लावून चार खोल्या केलेल्या. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तसाच मग होता. तोच पांढरा रंग, तोच निळा काठ, बुडाला तोच शिक्का.

"आमी आला ना इकडे, तेव्हा बराकीमध्ये काय पन नव्हता," तो म्हणाला. "खाली लोखंडी पलंग, आनि हे मग. मिलिटरीवाले सोडून गेले. मेरी माँ ने पहले दिन इसमें सबको पानी दिया. बोली, किसी के घर का सामान है, संभाल के रखो." मग दोन्ही मग शेजारी ठेवून हसला. "देखो, एकाच मायचे पोरं. ये पहुँच गया. वो किधर रह गया था?"

दत्ताभाऊंनी चहा तसाच ठेवला. दुकानाची पायरी उतरले आणि चालू लागले. मी ताटल्यांचं गाठोडं शेठकडेच ठेवून त्यांच्या मागे धावले. एका बंद शाळेच्या कट्ट्यावर ते बसले होते. मला वाटलं, चक्कर आली. मी रिक्षा बघू का म्हणाले. ते म्हणाले, "बसा बाई. एकाला तरी सांगू दे."

आणि त्यांनी सांगितलं. जहाज कुशीवर पडलेलं होतं. ठेकेदाराला पितळ हवं होतं, यांना बॉयलरची खोली हवी होती. आठवडाभर पाइपांच्या जंजाळातून वाट काढत ते तिथे पोचले. लोखंडी दार होतं. त्याला सहा खिट्या असतात, दार घट्ट बसावं म्हणून. सहाच्या सहा बाहेरून लावलेल्या होत्या.

"तसा हुकूमच असतो," दत्ताभाऊ म्हणाले. "पाणी शिरलं की त्या भागाची दारं लावून टाकायची, म्हणजे बाकीचं जहाज वाचतं. ज्यानं लावलं तो काही वाईट माणूस नसेल. त्याला सांगितलं, त्यानं लावलं. तरी जहाज बुडालं ते बुडालंच."

खिट्या गंजून गेल्या होत्या. उघडायला दोन दिवस लागले. आत कंबरभर गाळ होता आणि गाळात माणसं होती.

"सगळी दाराशी, बाई. एवढी मोठी खोली, पण सगळी दाराशी. फावडी दाराच्या फटीत घातलेली. त्यातले माझे वडील कोण ते कसं कळणार? मी कितीतरी वेळ तिथेच बसलो. वरून बोटीवरच्या माझ्या साथीदाराने, महमदने, चार वेळा दोरी ओढली. वर ये. पुन्हा चार. मी उत्तर दिलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, आपण आलो, आता पुन्हा कशाला जायचं वर. मग मी एकदा ओढली."

ठेकेदाराला त्यांनी सांगितलं की तो भाग कोसळलाय, आत जाणं धोक्याचं आहे. दार पुन्हा लोटून दिलं. खिट्या मात्र लावल्या नाहीत.

मी शिक्षिका पडले. जे बोलू नये तेच बोलले. "बारवीला तुम्हीच म्हणाला होतात ना भाऊ, आणून दिलं की रडता येतं? मग मावशींना का नाही सांगितलंत?"

"बारवीला दार नव्हतं," ते म्हणाले. "आई चाळीस वर्षं दाराकडे बघत बसलीय. तिला काय सांगू, तोही दारापाशीच होता म्हणून?"

आम्ही परत दुकानात गेलो. लालचंद शेठने थंड झालेला चहा फेकून नवा मागवला होता.

नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमाराला चाळ पाडायचं ठरलं. मी अंबरनाथलाच राहिले, दत्ताभाऊंनी बदलापूरला कात्रपमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. तिथेही पहिल्याच दिवशी कड्या काढून दाराला वीट लावली. कान गेल्यामुळे पाण्याखालचं काम सुटलं होतं. मावशींनी अंथरूण धरलं होतं. त्यांचा आवाज बसला होता आणि मुलाला ऐकू कमी यायचं, म्हणून दत्ताभाऊंनी युक्ती केली. मावशींच्या खाटेच्या पायाला लोखंडी कडं बसवून एक सुती दोरी ओवली. एक टोक मावशींच्या मनगटाला, दुसरं गॅलरीतल्या आपल्या खुर्चीशी. ओढी त्याच. मावशी दिवसभरात उगाच चार-पाचदा एक ओढ द्यायच्या. गॅलरीतून लगेच एक ओढ यायची आणि मावशींच्या बांगड्या किणकिणायच्या. मनगटं इतकी बारीक झाली होती की बांगड्या गळून पडू नयेत म्हणून त्यांना दोरा गुंडाळला होता.

मी पंधरा दिवसांनी एकदा रविवारी जायची. अशाच एका दुपारी दत्ताभाऊ मासळी आणायला खाली गेले होते. मी तो दोरा सैल झाला म्हणून पुन्हा बांधत होते. म्हटलं, "मावशी, आता तरी चार कमी करा. टोचतात तुम्हाला."

"ऱ्हाऊ दे गो. त्याच्यासाठी हायत." त्यांचा आवाज कुजबुजल्यासारखा. "माजो घो मेलाय, मना ठावं हाय."

मी हातातला दोरा तसाच धरून राहिले.

"कधीपासून?"

"तो आला त्या दिवशीपास्नं. नळाखाली कपड्यांसकट आंघोळ केलान ना? तू हुतीस की थयं. मढ्याजवळून आलेला माणूस तशी आंघोळ करतो, मास्तरीणबाय. आंघोळ केल्याबिगर घरात येत न्हाय. त्याच्या ध्यानातपन आलं नसेल. सवयीनं केलान. रिकाम्या बोटीतनं आलेला माणूस कशाला करील?"

आमच्या घरातून सुतक केव्हाच गेलेलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून ते सगळं बघितलं होतं आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

"म्हणून फोडणी नव्हती," मी म्हटलं.

"धा दिवस. मीठबी न्हवतं. धरलं मी सुतक. त्यानं सांगितला न्हाय, मग मी कसं इचारू? काय बघितलान ते सांगायाजोगा नसेल. बांगड्या फोडल्या असत्या तर त्याला कळलं असतं, आयशीला कळलंय. मग सगळा सांगाया लागला असता. ऱ्हाऊ दे. त्याला वाटू दे, मी सुखात हाय." मग माझं मनगट धरून म्हणाल्या, "सांगू नको हां त्याला."

खालून जिन्यावर दत्ताभाऊंची पावलं वाजत होती. प्रत्येक वळणावर थांबत होती. मी हो म्हटलं.

मावशी त्या वर्षीच्या पौषात गेल्या, भर दुपारी. दोरीला चार ओढी आल्या. दत्ताभाऊंनी नियमाप्रमाणे चार ओढी दिल्या आणि धावले, पण तोवर सगळं संपलं होतं. त्यांनी आईला हिरवं लुगडं नेसवायला लावलं, ओटी भरायला लावली, मळवट भरायला लावला. जमलेल्या बायकांत कुजबुज झाली, पन्नास वर्षांपूर्वी नवरा गेलेली ही कसली सवाष्ण म्हणून. दत्ताभाऊंनी मान वर करून नुसतं बघितलं, तशा त्या गप्प झाल्या. बायका बांगड्यांवरून हात फिरवत होत्या तेव्हा ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "फसवलं बाई मी हिला. हिनं मला आयुष्यात एकच काम सांगितलं होतं. बघून ये."

तेव्हाच सांगून टाकावं असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी शब्द दिला होता.

पुढचे पाच-सहा महिने मी जात राहिले आणि दर वेळी ते आधीपेक्षा वाळलेले दिसले. दाढी वाढलेली, घरात स्टो थंड, मग धुऊन पालथा घातलेला. गॅलरीत खुर्चीवर बसायचे आणि दोरी त्यांच्या मनगटालाच. खाट तशीच ठेवली होती, दुसरं टोक खाटेवर. मला सहन होईना. मला वाटलं, मावशींना काय ठाऊक, हा माणूस कशाने झिजतोय ते. आपण फसवलं म्हणून झिजतोय. तिला कळलं होतं, ती फसली नव्हती, हे कळलं तर मोकळा होईल. अशा विचाराने, स्वतःला फार शहाणी समजून, एका संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं. नळ, आंघोळ, फोडणी, सगळं.

त्यांनी विचारलं, "दहा दिवस?"

"दहा दिवस."

"मीठसुद्धा नव्हतं?"

"नव्हतं म्हणाल्या."

"मला कळलं नाही," दत्ताभाऊ म्हणाले. "समोर बसून जेवलो मी. रोज. मला कसली चवच नव्हती त्या दिवसांत." मग बाहेर बघत राहिले. समोर नव्या इमारतीच्या स्लॅबवर माणसं पाणी मारत होती. "म्हणजे ती इकडे एकटीनं रडत होती, मी तिकडे एकटा. दहा वर्षं. एका घरात." त्यांनी मनगटावरची दोरी दुसऱ्या हाताने घट्ट धरली. "दार मीच लावलं की, बाई. बाहेरून."

मी म्हटलं, असं नाही हो भाऊ. आणखीही काही म्हटलं असेन. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "निघा तुम्ही. उशीर होईल."

मी जिना उतरले. फाटकाशी पोचल्यावर वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत गजांआड ते मान खाली घालून बसले होते. उजवा हात हलताना दिसला. एक, दोन, तीन, चार. थांबला. पुन्हा चार. माझ्या सहावीतल्या पोरांनाही कळलं असतं.

मी मागे फिरले. तीन मजले धावत चढले, कुठल्याही वळणावर थांबले नाही. दाराला वीट होतीच. आतल्या खोलीत खाटेवर दोरीचं टोक पडलं होतं आणि ते माझ्यासमोर चार वेळा हललं. मी खाटेवर टेकले, ते उचललं आणि चार वेळा ओढलं.

गॅलरीतून काही आवाज आला नाही. त्यांनी वळून बघितलं नाही. मी दोरी हातात धरून बसून राहिले. बाहेर स्लॅबवरच्या माणसांनी काम आवरलं, त्यांच्या घमेल्यांचा आवाज झाला, मग तोही थांबला. बऱ्याच वेळाने दोरीला ओढ आली.

एक.

मी पुन्हा चार वेळा ओढली. पुन्हा एकच आली. मी चपला घातल्या आणि निघाले. नंतरच्या रविवारी गेले तेव्हा दाराला कुलूप होतं, आणि शेजारच्या बाईने सांगितलं की भाटकर बॅग घेऊन समुद्राकडच्या गावी गेले. त्यानंतर त्यांचं कार्ड आलं नाही, मलाही त्यांचा पत्ता मिळाला नाही. कुलूप घालायला त्यांना आधी नवी कडी बसवून घ्यावी लागली असणार. तिचे स्क्रू अजून चकचकीत होते.